उत्सर्जन इमारतीचं मोजतोय की ग्रिडचं?

तेरावा_मजला

मोठ्या इमारतींच्या देखभालीच्या क्षेत्रात काम करते. गेली काही वर्षं या कामाला एक शेपूट चिकटलंय: इमारतीच्या हरितगृह वायूंच्या उत्सर्जनाचा वार्षिक हिशेब. हिशेब तसा सरळ आहे. विजेची युनिट्स, बॉयलरचा गॅस, डीजी सेटचं (जनरेटरचं) डिझेल, प्रत्येकाला त्याचा त्याचा गुणक (एका युनिटमागे किंवा लिटरमागे किती वायू निघतो तो आकडा) लावायचा, बेरीज करायची आणि टनांत आकडा लिहायचा.

आता गंमत बघा. समजा इमारतीने दोन्ही वर्षी सारखीच वीज वापरली, २० लाख युनिट. पहिल्या वर्षी ग्रिडचा, म्हणजे वीजपुरवठ्याच्या जाळ्याचा, गुणक युनिटमागे ०.७२ किलो होता, म्हणजे १४४० टन. दुसऱ्या वर्षी ग्रिडमध्ये सौर-पवन वाढलं, गुणक ०.६५ झाला. उत्सर्जन १३०० टन. जवळजवळ दहा टक्के घट, आणि इमारतीत कोणी एक दिवासुद्धा बदललेला नाही! अहवालाच्या पहिल्या पानावर मात्र खाली जाणारा हिरवा बाण.

याच्या उलटही होतं. भांडून भांडून चिलर (एसीसाठी पाणी थंड करणारं यंत्र) बदलून घ्यायचा, युनिट्स खरोखर कमी करून दाखवायची, आणि त्याच वर्षी पाऊस कमी पडून जलविद्युत घटली की गुणक वर. आकडा जागच्या जागी. चिलरसाठी भांडलेल्या माणसाच्या तोंडाला पानं पुसली जातात.

तर प्रश्न असा की हा आकडा नक्की कोणाचा? आणि इमारतीवर लक्ष ठेवायचं तर कशावर ठेवायचं, युनिटांवर की टनांवर? जाणकारांनी प्रकाश टाकावा. (एलईडीचा असेल तर उत्तम.)

खडूस_काका

आकडा वीज कंपनीचा, बाण साहेबांचा, काम तुमचं. पुढचा प्रश्न?

मीटरवाचक

धागा चांगला आहे, काकांनी पहिल्याच चेंडूवर षटकार मारला असला तरी.

मुळात या बेरजेत दोन वेगळ्या जातीचे आकडे एकत्र येतात. बॉयलर, डीजी आणि स्वयंपाकघरातला गॅस इमारतीच्या आवारात जळतो. तो धूर तुमचा. याला स्कोप १ म्हणतात. विजेचा धूर दूरच्या वीज केंद्रातून निघतो, तुम्ही फक्त त्याचं निमित्त. तो स्कोप २. पहिल्यातले गुणक रसायनशास्त्राने बांधलेले आहेत. एक लिटर डिझेल जाळलं की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघणारच, यंदाही आणि पुढच्या वर्षीही. दुसऱ्यातला गुणक मात्र जागा आणि वर्ष बदललं की बदलतो. फ्रान्समध्ये अणुऊर्जेमुळे युनिटमागे पन्नास ग्रॅमच्या आसपास, भारतात केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या आकड्यांनुसार सातशेच्या आसपास. तीच इमारत, तेच चिलर, तीच माणसं, आणि उत्सर्जनात दहा पटींहून जास्त फरक.

म्हणून नुसता एकत्रित टनांचा आकडा बघून इमारत चांगली की वाईट हे ठरवता येत नाही. युनिट्स, गॅस, डिझेल हे मूळ आकडे आधी लिहा. टन नंतर. आणि गुणक कुठल्या वर्षाचा वापरलाय ते त्याच ओळीत लिहा. अर्ध्या अहवालांत हेच सापडत नाही.

पाऊलवाट

अडाणी प्रश्न आहे, हसू नका. एवढे गुणाकार करण्यापेक्षा इमारतीच्या गच्चीवर वायू मोजणारं यंत्र लावून थेट मोजता येत नाही का?

मीटरवाचक

हसण्यासारखं काही नाही. पण गच्चीवरच्या यंत्राला विजेचा धूर दिसणारच नाही, तो तिथे नाहीच. सगळं विजेवर चालणारी शंभर मजली इमारत त्या यंत्राला निर्मळ वाटेल. शिवाय वारा शेजारच्या रस्त्यावरचा धूरही घेऊन येतो, तो वेगळा कसा काढणार?

अख्ख्या शहराच्या पातळीवर मात्र असे प्रयोग झालेत. अमेरिकेत इंडियानापोलिस शहराभोवती २०१० पासून मनोऱ्यांवर यंत्रं लावून, विमानं उडवून हवेतला कार्बन मोजला गेला. त्याच शहरासाठी हेस्टिया नावाच्या प्रकल्पाने एकेका इमारतीचा, एकेका रस्त्याचा अंदाज बांधला होता. तिथेही इमारतीचा आकडा इंधन आणि वापराच्या माहितीवरून काढलेलाच होता. हवेतल्या मोजमापाचा उपयोग शहराची एकूण बेरीज ताडून बघायला.

सावळागोंधळ

आमच्या मीटिंग रूममध्ये कार्बन डायऑक्साइडचं यंत्र आहे. साहेब बोलायला लागले की आकडा हजाराच्या वर जातो. हे स्कोप १ मध्ये धरायचं का?

खडूस_काका

गरम हवा वेगळी मोजावी लागेल.

इंद्रवज्रा

सावळागोंधळ, विनोद म्हणून ठीक, पण हा प्रश्न लोक खरोखर विचारतात. माणूस दिवसाला साधारण एक किलो कार्बन डायऑक्साइड श्वासातून सोडतो. तो हिशेबात धरत नाहीत, कारण तो अन्नातून आलेला असतो आणि अन्नाने तो हवेतूनच घेतलेला असतो. शेतीला लागलेलं डिझेल आणि खत यांचा हिशेब वेगळा, तो शेतीच्या खात्यावर.

खोलीतलं ते यंत्र वायुवीजनासाठी असतं. माणसं कमी असतील तेव्हा बाहेरची हवा कमी आत घ्यायची, म्हणजे ती थंड किंवा गरम करायचा खर्च वाचतो. त्या अर्थाने ते उत्सर्जन कमी करतं, मोजत नाही.

उत्तरवारा

मूळ प्रश्नाकडे येतो. न्यूयॉर्कमध्ये हाच प्रश्न आता थेट खिशाला हात घालतोय, म्हणून जरा सविस्तर.

तिथे शहराच्या एकूण उत्सर्जनात इमारतींचा वाटा सुमारे दोन-तृतीयांश आहे. २००९ च्या लोकल लॉ ८४ ने मोठ्या इमारतींना वार्षिक वापर जाहीर करायला लावला. नंतर २०१९ मध्ये लोकल लॉ ९७ आला. साधारण २५ हजार चौरस फुटांपेक्षा मोठ्या इमारतींना उत्सर्जनाची कमाल मर्यादा, २०२४ पासून लागू. मर्यादा ओलांडली तर दर जादा टनामागे वर्षाला २६८ डॉलर दंड.

आता गुणकाची गोष्ट. तिथे विजेचा गुणक दरवर्षी हलत नाही, नियमातच लिहिलेला आहे. २०२४ ते २०२९ साठी युनिटमागे ०.२८९ किलो, २०३० ते २०३४ साठी ०.१४५. म्हणजे पाऊस पडो न पडो, त्या टप्प्यात तोच. कार्यालयीन इमारतीची मर्यादा पहिल्या टप्प्यात चौरस फुटाला ७.५८ किलो, पुढच्या टप्प्यात २.६९.

कागद-पेन्सिल घ्या. फक्त विजेवर चालणाऱ्या कार्यालयाला पहिल्या टप्प्यात चौरस फुटाला वर्षाला साधारण २६ युनिट चालतात. दुसऱ्या टप्प्यात साधारण साडेअठरा. म्हणजे कार्बनची मर्यादा ६४ टक्क्यांनी खाली आली, पण विजेची मुभा फक्त ३० टक्क्यांनी. गॅसचा गुणक मात्र दोन्ही टप्प्यांत तोच. त्यामुळे गॅसचा बॉयलर ठेवणाऱ्याला तो ६४ टक्क्यांचा फटका पूर्ण बसतो.

म्हणूनच तेरावा_मजला यांच्याशी माझा थोडा मतभेद. गुणक खाली येणं ही फुकटची शाबासकी नाही. बॉयलर काढून हीट पंप (बाहेरची उष्णता आत ओढणारं, विजेवर चालणारं यंत्र) बसवा, ग्रिड स्वच्छ होईल तसे तुम्हीही व्हाल, हा त्यातला संदेश आहे. नुसती युनिट्स मोजली तर हा संदेश गायब होतो. उलट बॉयलर काढणाऱ्याची युनिट्स वाढतात आणि तोच वाईट दिसतो.

तेरावा_मजला

हे माझ्या लक्षात आलं नव्हतं, धन्यवाद. पण मग शंका येते. २०३० चा गुणक आजच लिहून ठेवलाय, आणि तोवर ग्रिड तेवढं स्वच्छ झालंच नाही तर? कागदावर टन कमी, आकाशात तेवढेच.

उत्तरवारा

खरंय. ती उधारी आहे. इमारत मालकाला आज पक्कं लक्ष्य मिळावं म्हणून ग्रिडच्या भविष्यावर केलेली. पैसे गुंतवणारा माणूस वीस वर्षांचा विचार करतो, त्याला दरवर्षी हलणारा गुणक देऊन चालत नाही.

कोरडी_विहीर

टोकियोने हा प्रश्न याहून आधी सोडवलाय, आणि तेरावा_मजला यांच्या बाजूने. आश्चर्य वाटतं की त्याबद्दल फार कमी बोललं जातं.

तिथे एप्रिल २०१० पासून मोठ्या इमारतींसाठी उत्सर्जनाची मर्यादा आणि जादा कपातीची खरेदी-विक्री सुरू आहे. वर्षाला १५०० किलोलिटर कच्च्या तेलाइतकी किंवा त्याहून जास्त ऊर्जा वापरणाऱ्या सगळ्या आस्थापना त्यात येतात. कार्यालयीन इमारतींना अशा व्यवस्थेत आणणारं ते जगातलं पहिलं शहर. आधारवर्ष म्हणून २००२ ते २००७ मधली सलग तीन वर्षं इमारतीने निवडायची. पहिल्या पाच वर्षांच्या टप्प्यात कार्यालयांना ८ टक्के कपात, दुसऱ्यात १७.

विजेचा गुणक त्यांनी टप्प्यापुरता गोठवला. पहिल्या टप्प्यात युनिटमागे ०.३८२ किलो. कारण हेच, की इमारतीने केलेल्या कामाचं माप इमारतीच्या कामावरून व्हावं, वीज कंपनीच्या नशिबावरून नाही.

आणि मग मार्च २०११ मध्ये फुकुशिमा अणुकेंद्राचा अपघात झाला. अणुभट्ट्या बंद पडल्या, कोळसा आणि गॅस जाळून वीज तयार होऊ लागली, प्रत्यक्षातला गुणक चढला. गुणक हलता असता तर त्या वर्षी दिवे मालवून, एसी कमी करून, जिने चढून वीज वाचवणाऱ्या सगळ्या इमारती नापास झाल्या असत्या. गोठवलेला होता म्हणून त्यांची बचत दिसली. पहिला टप्पा संपेपर्यंत आधारवर्षाच्या तुलनेत सुमारे पाव उत्सर्जन कमी झाल्याचं नोंदलं गेलं. पुढच्या टप्प्यासाठी गुणक वाढवून ०.४८९ केला आणि पुन्हा गोठवला.

मीटरवाचक

कोरडी_विहीर, प्रतिसाद आवडला. एक पुस्ती. त्या पाव घटीत फुकुशिमानंतरच्या वीजटंचाईचाही मोठा हात आहे, सगळं श्रेय योजनेला देता येणार नाही. पण सवयी बदलल्या आणि टंचाई गेल्यावरही आकडे पूर्वीच्या जागी परत आले नाहीत, हे महत्त्वाचं.

पाऊलवाट

म्हणजे न्यूयॉर्कचा गुणक पुढचं बघून ठरवलेला आणि टोकियोचा मागचं बघून. बरोबर समजलं का?

कोरडी_विहीर

अगदी बरोबर. मी वर चार परिच्छेद उगाच लिहिले.

भटकी_मैना

सगळे गुणकावर भांडताय, पण गुणकाच्या आधी युनिट्स मिळतात का ते विचारा. अवांतर वाटेल, पण नाही.

इमारत एका मालकाची, मजले वीस भाडेकरूंचे, प्रत्येकाचं मीटर वेगळं, बिल वेगळं. मालकाला चिलर, लिफ्ट, पार्किंग आणि कॉमन एरियाचं बिल दिसतं. भाडेकरू आत सर्व्हर रूम चालवतो की आइस्क्रीमची फ्रीझर, मालकाला पत्ता नसतो. माहिती मागितली की 'गोपनीय आहे'. वीज कंपनीकडे मागितली की 'ग्राहकाची संमती आणा'. काही ठिकाणी ठरावीक संख्येपेक्षा जास्त ग्राहक असतील तर कंपनी सगळ्यांची एकत्र बेरीज देते. तो सोन्याचा नियम, जिथे असेल तिथे.

ऑस्ट्रेलियातली इमारतींच्या मानांकनाची नेबर्स पद्धत मला यासाठी आवडते. १९९८ पासून आहे. तिथे मालकाच्या सोयीसुविधांचं मानांकन वेगळं, भाडेकरूच्या जागेचं वेगळं आणि अख्ख्या इमारतीचं वेगळं. ज्याच्या हातात बटण त्याच्या नावावर आकडा. शिवाय मानांकन प्रत्यक्षात वापरलेल्या ऊर्जेवर, नकाशावर काय लिहिलं होतं त्यावर नाही. मोठं कार्यालय विकायचं किंवा भाड्याने द्यायचं तर ते जाहीर करावं लागतं, कायदा २०१० चा.

सावळागोंधळ

नकाशावर सगळ्याच इमारती हिरव्या असतात. झाडं पण काढलेली असतात.

अर्धा_पेला

क्षेत्रफळाबद्दल कोणी बोलत नाहीये म्हणून मी बोलतो. सगळीकडे 'चौरस फुटामागे किती' असा हिशेब. भागाकारात खालचा आकडा फुगवला की वरचा आपोआप बारीक दिसतो. तळघरातलं पार्किंग धरायचं? रिकामे मजले? भिंतीची जाडी? एका इमारतीचे विक्रीच्या कागदावर, कराच्या कागदावर आणि ऊर्जा अहवालात तीन क्षेत्रफळं मी पाहिली आहेत. अर्थातच तिसरं सगळ्यात मोठं.

आणि दाटीचं काय? एका मजल्यावर तिप्पट माणसं बसवणारं कार्यालय चौरस फुटामागे वाईट दिसतं, माणसामागे चांगलं. अर्धं रिकामं कार्यालय याच्या बरोबर उलट. ही माणसं बसवायला दुसरी इमारत बांधावी लागली नाही, तिचं सिमेंट आणि पोलाद वाचलं, हे कुठल्या रकान्यात येतं?

उत्तरवारा

अर्धा_पेला, हीच तक्रार न्यूयॉर्कमधल्या मोठ्या मालकांची आहे. मुद्दा खोटा नाही, पण ती तक्रार करणाऱ्यांच्या इमारतींत मध्यरात्रीही सगळे दिवे चालू असतात, हेही तितकंच खरं.

जाता जाता, तिथे मोठ्या इमारतींच्या दारावर ए ते डी असं अक्षर लावावं लागतं, ८५ किंवा जास्त गुण असतील तर ए, ५५ च्या खाली डी. माहितीच दिली नाही तर एफ. पण ते अक्षर ऊर्जा-कार्यक्षमतेचं आहे, उत्सर्जनाचं नाही. दारावर डी आणि उत्सर्जन मर्यादेत, किंवा दारावर बी आणि दंड, असं दोन्ही होऊ शकतं. येणाऱ्या-जाणाऱ्याला काय कळणार!

अजून एक अवांतर. मॅनहॅटनमध्ये १८८२ पासून रस्त्याखालच्या नळांतून वाफ विकली जाते. अनेक इमारतींत बॉयलरच नाही, वाफेचं मीटर आहे. त्या वाफेलाही गुणक आहे. म्हणजे विजेसारखाच धूर इमारतीबाहेर दुसरीकडे नेणारी आणखी एक व्यवस्था.

खडूस_काका

प्रमाणपत्रांचा विषय अजून कसा आला नाही? आमच्या ओळखीच्या एका कंपनीने हरित विजेची प्रमाणपत्रं (दुसरीकडे तयार झालेल्या स्वच्छ विजेचं श्रेय देणारे कागद) विकत घेतली आणि स्कोप २ शून्य केला. मीटर गरागरा फिरतंय, अहवालात भोपळा.

इंद्रवज्रा

काका, नियमाप्रमाणे ते अर्धंच झालं. हरितगृह वायूंच्या हिशेबाची पद्धत ठरवणाऱ्या जीएचजी प्रोटोकॉलने २०१५ मध्ये स्कोप २ साठी मार्गदर्शन काढलं. त्यात दोन आकडे द्यायला सांगितलेत: एक ग्रिडच्या सरासरी गुणकाने, दुसरा तुम्ही केलेल्या करारांनुसार आणि प्रमाणपत्रांनुसार. जाहिरातीत कुठला जातो ते सांगायला नकोच.

लोकल लॉ ९७ मध्ये प्रमाणपत्रं फक्त विजेच्या हिश्शापुरती चालतात, आणि तीही त्या शहराच्या ग्रिडपर्यंत पोचणाऱ्या विजेचीच. हजार मैलांवरच्या पवनचक्कीचा कागद दाखवून बॉयलरचा धूर पुसता येत नाही. हे बंधन असेल तर माझी फारशी तक्रार नाही.

चिलरचा_दादा

इतके प्रतिसाद झाले आणि एकानेही गॅस गळतीचं नाव काढलं नाही. एसीचा गॅस म्हणतोय मी.

आर-४१०ए या एसीतल्या गॅसचं तापमानवाढीचं माप कार्बन डायऑक्साइडच्या २०८८ पट आहे. व्हीआरएफच्या (बाहेरच्या एका यंत्रावर अनेक खोल्या थंड करणाऱ्या एसीच्या) लांबलचक पाइपिंगमधून वर्षभरात दहा किलो उडून गेला तर तो जवळजवळ २१ टन. ०.७ च्या गुणकाने ती तीस हजार युनिटं झाली. तुम्ही वर्षभर दिवे बदलत बसा, सैल नटाने सगळं खाऊन टाकलं. आर-१३४ए चा आकडा १४३०, आर-३२ चा ६७५.

आणि हा धूर अस्सल स्कोप १ आहे, इमारतीचाच. ग्रिड कितीही स्वच्छ होऊ दे, हा तसाच राहणार. तरी न्यूयॉर्कच्या मर्यादेत वीज, गॅस, तेल, वाफ एवढंच धरलंय. उत्तरवारा म्हणतात तसे सगळे हीट पंपावर गेले तर इमारतीइमारतीत हाच गॅस वाढणार. त्याचं मीटर कुठाय?

उत्तरवारा

बिनतोड. उत्तर नाही माझ्याकडे.

मीटरवाचक

+१. चिलरचा_दादा, ही गळती लोक नोंदवतात कशी? प्रत्यक्ष अनुभव सांगा.

चिलरचा_दादा

बहुतेक ठिकाणी नोंदवत नाहीत. एएमसीवाला (वार्षिक देखभालीचा कंत्राटदार) येतो, प्रेशर बघतो, गॅस भरतो, बिलावर 'टॉप-अप' लिहितो. किती किलो ते नाही. खरं तर तेवढंच पुरे आहे: सिलिंडर भरण्याआधी आणि भरल्यावर वजन करायचं, फरक म्हणजे उडालेला गॅस. यंत्र बंद डब्यासारखं असतं, त्यात गॅस 'संपत' नाही. भरावा लागला म्हणजे गळाला.

भटकी_मैना

कामाचं आहे हे. आता तेरावा_मजलाबाईंसाठी माझं म्हणणं. वर्षाच्या शेवटी येणारा टनांचा आकडा म्हणजे शवविच्छेदन. रोज बघायचं तर पंधरा मिनिटांच्या मीटरचा आलेख बघा, त्यातही रात्री तीनची वेळ. इमारत रिकामी आहे आणि दुपारच्या निम्म्याने लोड चालू आहे, तर काहीतरी विनाकारण फिरतंय. एएचयू (मजल्यांवर हवा फिरवणारी यंत्रं) वेळापत्रकाबाहेर चालतात, कोणीतरी बीएमएस (इमारतीची स्वयंचलित नियंत्रण यंत्रणा) मॅन्युअलवर टाकून विसरलेलं असतं. २०२० मध्ये कार्यालयं ओस पडली तेव्हा अनेकांना पहिल्यांदा कळलं की माणसं नसतानाही इमारत किती खाते.

तेरावा_मजला

सगळ्यांचे आभार. मी पुढच्या अहवालासाठी असं ठरवतेय. मुख्य तुलना गोठवलेल्या गुणकाने, आधारवर्षाचा गुणक पाच वर्षं तोच. त्याखाली त्या वर्षीच्या खऱ्या गुणकाने. दोन्हींतला फरक 'ग्रिडमुळे झालेला बदल' म्हणून वेगळ्या ओळीत. बॉयलर, डीजी आणि एसीचा गॅस स्वतंत्र, त्यांना ग्रिडशी मिसळायचंच नाही.

अर्धा_पेला

दोन आकडे दिले की साहेब त्यातला छोटा उचलणार. इंद्रवज्रांनी वर सांगितलंच आहे. एकच द्या, गोठवलेला.

इंद्रवज्रा

असहमत. एकच दिला आणि ग्रिड खरंच बदललं, तर गॅस सोडून विजेवर जायचं की नाही हा निर्णय जुन्या गुणकावर घेतला जाईल. कोळशाच्या ग्रिडवर साधा विजेचा हीटर गॅसपेक्षा वाईट, स्वच्छ ग्रिडवर चांगला. तो निर्णय खऱ्या आणि पुढच्या गुणकावरच व्हायला हवा. कामगिरी गोठवलेल्यावर, निर्णय चालू गुणकावर. दोन कामांना दोन आकडे.

अर्धा_पेला

हे पटलं. पण पहिल्या पानावर गोठवलेलाच छापा.

तेरावा_मजला

पहिलं पान माझ्या हातात नसतं हो. चिलरचा_दादा, एक विचारते: जुनी नोंदच नसेल तर गेल्या वर्षांच्या गॅसचं काय करायचं? शून्य लिहायचं का?

चिलरचा_दादा

शून्य अजिबात नको, पुढच्या वर्षी खरा आकडा आला की उत्सर्जन वाढल्यासारखं दिसेल. एएमसीवाल्याकडून गॅस खरेदीची जुनी बिलं मागवा, त्यावर सिलिंडरांची संख्या तरी असते. प्रत्येक यंत्राच्या पाटीवर मूळ चार्ज, म्हणजे आत भरलेला गॅस, किलोत लिहिलेला असतो, त्याचीही यादी करून ठेवा. बिलं नाहीच मिळाली तर रकान्यात 'नोंद नाही' लिहा, आणि पुढच्या करारात वजनकाट्याची अट घाला.